कुरकुरणारं शटर आणि दमास्कसचा सुतार

गेल्या रमजानमध्ये आमच्या गल्लीला सहरीच्या वेळी ढोल वाजवून उठवणाऱ्याची गरज नव्हती. ते काम आमच्या गॅरेजचं शटर करत होतं. फजरच्या नमाजला जाण्यासाठी मी स्कूटर काढायला शटर वर ढकललं की आधी एक लांब 'किर्रर्र', मग खडखडाट, आणि अगदी वर पोचल्यावर 'धाड'. समोरच्या घरातले काका एकदा हसत म्हणाले, "सर, तुमचं शटर वाजलं की आम्ही समजतो, आता अजान होणार." मीही हसलो. पण काकूंची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती आणि त्यांची पहाटेची झोप रोज माझ्यामुळे मोडत होती, हे दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. काकांनी तक्रार केली नव्हती. ते हसणं हीच तक्रार होती, ती माझ्या लक्षात आली नाही.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. गाडीचं जुनं इंजिन ऑइल दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये ओतलं, वर थोडं ग्रीस थापलं. आठ दिवस शांतता. महिन्याभरात आवाज परत आला, तोही पहिल्यापेक्षा जाड होऊन. एका दुकानदाराला बोलावलं. त्याने शटरला हातही न लावता सांगितलं, "हे गेलं सर. नवीन बसवा, मोटरवालं." आकडा ऐकून मी त्यांना चहा पाजला आणि निरोप दिला.

शेवटी एका मिस्त्रींचा नंबर मिळाला. ते आले, पायातल्या चपला उंबऱ्याशी काढल्या, मला सलाम केला, आणि मी नेहमीप्रमाणे माहिती द्यायला सुरुवात करताच हात वर करून म्हणाले, "सर, पहले सुनने दो."

मी गप्प झालो. वर्गात मी मुलांना हेच वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकवतो. मला ते क्वचितच कुणी ऐकवलं असेल.

त्यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यात पाहिलेल्या उत्तम पाठांपैकी एक होता. मिस्त्रींनी शटर अगदी हळू वर नेलं, हळू खाली आणलं. तीन वेळा. पाना नाही, हातोडी नाही, नुसता कान. मग खिशातून खडू काढला आणि ज्या उंचीवर आवाज येत होता, तिथे डाव्या चॅनलवर एक रेघ मारली आणि त्या क्षणी तिथे असलेल्या पट्टीवर दुसरी. पुन्हा शटर हलवलं. "हे बघा," ते म्हणाले. आवाज दरवेळी चॅनलवरच्या रेघेपाशी येत असेल तर दोष चॅनलमध्ये. खडूची खूण असलेली पट्टी जिथे जाईल तिथे आवाज तिच्याबरोबर जात असेल तर दोष पट्टीत. इतकं साधं. विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्याला प्रयोग म्हणतो तो हाच, एक गोष्ट स्थिर ठेवायची आणि दुसरी बदलून पाहायची.

आमच्या शटरमध्ये दोन्ही दोष निघाले. चॅनल एका ठिकाणी आत दबलं होतं, बहुधा स्कूटरचं हँडल लागून. तिथे प्रत्येक पट्टी घासली जात होती. तो 'किर्रर्र'. शिवाय काही पट्ट्यांच्या टोकांना असणारे लॉक गळून पडले होते, त्यामुळे पट्ट्या आडव्या सरकून एका बाजूला घासत होत्या. 'खडखड' होती ती भिंतीतल्या ब्रॅकेटच्या ढिल्या बोल्टची. आणि वरचा 'धाड'? त्यासाठी त्यांनी शटर छातीपर्यंत आणून सोडून दिलं. ते तिथेच थांबायला हवं होतं. ते सरसर खाली आलं. मिस्त्रींनी पायाने अडवलं. "स्प्रिंग ढिली आहे. शटरचं वजन स्प्रिंगनं उचलायचं असतं, माणसानं नाही. ती उचलत नाही म्हणून तुम्ही जोर लावता, आणि तुमचा जोर वर जाऊन आपटतो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आता त्यांनी काय केलं तेही सांगतो, कारण माझ्यासारखे तेल ओतणारे पुष्कळ असतील. सगळ्यात आधी माझं ग्रीस काढलं. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने चॅनल आतून पुसलं, तेव्हा काळा चिखल निघाला. ग्रीस धूळ धरून ठेवतं, आणि धूळ मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. मी आवाज बंद करण्यासाठी जे लावलं होतं तेच लोखंड खात होतं. मग चॅनलच्या दबलेल्या भागात लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ते सरळ केलं, कडा कानशीने साफ केली. पट्ट्या जागेवर सरकवून टोकांना नवीन लॉक बसवले. ब्रॅकेटचे बोल्ट आवळले. शेवटी वरचा पाइप मोठ्या पान्यात पकडून क्लॅम्प सैल केला, स्प्रिंगला एक पूर्ण फेरा आणि वर थोडा असा ताण दिला आणि क्लॅम्प पुन्हा घट्ट केला. हे करताना त्यांनी मला दहा फूट लांब उभं केलं. ताणलेली स्प्रिंग सुटली तर पाना हातातून उडतो, बोटं मोडतात, डोळा जातो. बाकी सगळं घरी करता येईल, स्प्रिंगला मात्र हात लावू नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं. चॅनलला शेवटी मेणबत्ती घासली. मेण सुकं असतं, धूळ धरत नाही.

शटर वर गेलं. आवाज आला, नाही असं नाही. लोखंड आहे, थोडं बोलणारच. पण आता ते कुजबुजत होतं.

पैसे देताना मी विचारलं, "मुलं काय करतात?" ते जरा थांबून म्हणाले, "धाकटा तुमच्याच वर्गात आहे सर."

इथून पुढे हा लेख शटरचा राहिला नाही.

मुलाचं नाव त्यांनी सांगितलं आणि मला दोन गोष्टी आठवल्या. वर्षाच्या सुरुवातीला मुलांनी माहितीचा फॉर्म भरला, तेव्हा 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात त्या मुलाने लिहिलं होतं, 'व्यवसाय'. बाकी काही नाही. मी ते हसण्यावारी नेलं होतं. दुसरी गोष्ट जास्त जुनी नव्हती. गृहपाठ न आणणाऱ्या मुलांवर चिडून मी वर्गात म्हणालो होतो, "नाही शिकलात तर उद्या पाना घेऊन रस्त्यावर बसाल." तो मुलगा तेव्हा तिसऱ्या बाकावर बसला होता.

'पंक्चरवाले' हा शब्द आज आपल्या समाजाला कोणत्या तोंडाने आणि कोणत्या हेतूने ऐकवला जातो, ते मी सांगायला नको. तो ऐकला की आपल्याला राग येतो, यायलाच हवा. पण त्या रागाचं उत्तर आपण काय देतो? आपण बगदादच्या 'बैतुल हिकमत'ची नावं घेतो. अल-जझरीच्या हत्तीच्या घड्याळाचं चित्र फॉरवर्ड करतो आणि सांगतो, बघा, आमचे पूर्वज इंजिनिअर होते. आणि त्याच दिवशी मी पानेवाल्याच्या मुलासमोर पान्याची भीती घालतो. म्हणजे टोमणा मारणारा आणि मी, आमचं एका बाबतीत एकमत आहे. हाताने दुरुस्ती करणं हे कमीपणाचं आहे, यावर.

अल-जझरीबद्दल मला आदरच आहे. 1206 मध्ये आमिद म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीर इथे अर्तुकी सुलतानाच्या पदरी असताना त्याने यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात घड्याळं आहेत, कारंजी आहेत, पाणी उपसण्याची यंत्रं आहेत. त्यात एक दरवाजाही आहे, आमिदच्या राजवाड्यासाठी ओतून घडवलेला पितळी दरवाजा, त्याच्या कृतीसह. तो स्वतःच्या हाताने काम करणारा माणूस होता, हे त्या वर्णनांतून पानोपानी दिसतं. पण आपल्या फॉरवर्डमध्ये तो हात गळून पडतो, उरतो फक्त दरबार.

म्हणून आज दुसऱ्याच एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. तो जझरीचा समकालीन, राहणारा दमास्कसचा, आणि दरवाजे बनवणारा. नाव अबुल फज्ल मुहम्मद बिन अब्दुल करीम अल-हारिसी. अकबराच्या दरबारातला अबुल फज्ल वेगळा, हा त्याच्या चारशे वर्षं आधीचा. याच्याबद्दलची माहिती आपल्याला इब्न अबी उसैबिआ या हकिमाच्या ग्रंथात मिळते. तेराव्या शतकातल्या या हकिमाने शेकडो वैद्यांची चरित्रं एकत्र केली. त्यात ग्रीक आहेत, ख्रिस्ती आणि यहुदी आहेत, आणि एक प्रकरण हिंदुस्थानच्या वैद्यांवरही आहे. अशा या वैद्यांच्या यादीत एक सुतार येऊन बसला आहे.

अबुल फज्ल मूळचा सुतार आणि दगड घडवणारा. सुलतान नूरुद्दीन झंगीने दमास्कसमध्ये 1154 मध्ये जो मोठा दवाखाना, बीमारिस्तान, उभारला, त्याचे बरेचसे दरवाजे याच्या हातचे. त्याचं नाव होतं, काम भरपूर होतं. पण त्याला वाटलं, सुतारकाम आणखी चांगलं यायचं असेल तर भूमिती शिकायला हवी. म्हणून त्याने उक्लीदिसचा, म्हणजे आपल्या युक्लिडचा, ग्रंथ घेतला. त्या काळात त्याचं काम शहराबाहेरच्या एका मशिदीत चालू होतं. सकाळी कामावर जाताना वाटेत तो उक्लीदिसचा काही भाग सोडवत जाई, आणि काम संपल्यावर पुन्हा तेच. पूर्ण ग्रंथ असा समजून घेतला. मग ग्रहगणिताकडे वळला, टॉलेमीचा 'अल-मजिस्ती' अभ्यासला. मोठे गणिती शरफुद्दीन तूसी दमास्कसला आले, तेव्हा त्यांच्याकडे शिकला. लोक त्याला 'अल-मुहंदिस' म्हणू लागले. मुहंदिस म्हणजे भूमिती जाणणारा. अरबीत आजही इंजिनिअरला हाच शब्द आहे.

त्यानंतर तो वैद्यकी शिकला. ज्या दवाखान्याचे दरवाजे त्याने बसवले होते, त्याच दवाखान्यात तो हकीम म्हणून पगारी नोकरीला लागला आणि अखेरपर्यंत राहिला. त्याचा अंत हिजरी 599 मध्ये, म्हणजे इसवी सन 1202-03 च्या सुमारास झाला, वय सत्तरच्या घरात. आणि मधल्या काळात त्याच्याकडे आणखी एक काम होतं, त्याचंही वेगळं वेतन त्याला मिळत होतं. ते म्हणजे दमास्कसच्या उमय्यद मशिदीतल्या घड्याळांची देखभाल आणि दुरुस्ती.

त्या मशिदीच्या पूर्वेकडचं दार 'बाब जैरून'. तिथलं घड्याळ 1184 मध्ये आंदालुसियाचा प्रवासी इब्न जुबैर याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. पाण्यावर चालणारं घड्याळ. तासांची संख्या दाखवणारी बारा छोटी दारं. दोन पितळी ससाणे. तास भरला की दोघांच्या चोचीतून पितळी गोळ्या खालच्या पितळी भांड्यांत पडत, आवाज होई, आणि त्या तासाचं दार बंद होई. रात्री दारांऐवजी दिव्याचा उजेड काचेतून फिरे. आत एक माणूस बसलेला असे, गोळ्या परत जागेवर ठेवायला आणि सगळं नीट चालू ठेवायला. हे वाचताना मला आमचं शटर आठवलं. तिथेही दारं, तिथेही आवाज. फरक एवढाच की तिथला आवाज आला नाही तर काहीतरी बिघडलं, आणि इथे आवाज आला तर. दोन्हीकडे कान देणारा माणूस लागतोच.

हे घड्याळ बांधलं होतं खुरासानहून आलेल्या मुहम्मद अस-साआती या कारागिराने, नूरुद्दीनच्या काळात. साआती म्हणजे घड्याळवाला. त्याच्यानंतर त्याची देखभाल नीट राहिली नाही, ते बिघडत गेलं. त्याच्या मुलाने, रिझवानने, ते पुन्हा चालू केलं. आणि मग त्याने एक गोष्ट केली ज्यासाठी आपण त्याचे ऋणी असायला हवं. 1203 मध्ये त्याने या दुरुस्तीवर पुस्तक लिहिलं. कुठला भाग कसा, किती मापाचा, कशाला जोडलेला, आकृत्यांसह. यंत्र बांधल्याचं पुस्तक समजू शकतं, त्यात मान असतो. पण हे दुसऱ्याने बांधलेलं, मोडलेलं यंत्र पुन्हा कसं चालतं केलं, याचं पुस्तक आहे. ते घड्याळ आज नाही. तरीही ते कसं होतं हे आपल्याला इतकं नेमकं कळतं, ते दुरुस्ती करणाऱ्याने लिहून ठेवलं म्हणून.

आणि हा रिझवानही हकीम होता. पुढे अय्यूबी घराण्यातल्या राजपुत्रांचा वजीरही झाला.

एकाच शहरात, एकाच काळात, दोन दुरुस्तीवाले आणि दोघेही वैद्य. मला हा योगायोग वाटत नाही. नाडी पाहणाऱ्या हकिमाचं काम काय असतं? रोगी सांगतो ते ऐकायचं, पण त्यावर थांबायचं नाही. बोटं मनगटावर ठेवून ठोका कुठे चुकतो, ते स्वतः पाहायचं. दुखणं एका जागी असतं आणि कारण दुसरीकडे. आमच्या मिस्त्रींनी नेमकं हेच केलं. आवाज वरून येत होता, दोष स्प्रिंगच्या ताणात होता. मला वाटत होतं तेल कमी आहे, खरं तर माझं तेलच जास्त होतं. निदान हा शब्द आपण डॉक्टरांसाठी राखून ठेवतो. दमास्कसच्या लोकांनी तो राखून ठेवला नव्हता.

आपल्याकडचा इतिहासही काही वेगळं सांगत नाही. त्यासाठी मला माझ्या मिरजेबाहेर जायची गरज नाही. इथल्या शिकलगारांचं काम तलवारींना धार लावण्याचं, पाजळण्याचं. इंग्रजी अंमलात तलवारीचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांना हात घातला, आणि त्यातून मिरजेच्या सतारमेकरांची घराणी उभी राहिली. लोखंड घासणारे हात पंढरपूर-सोलापूरकडचे भोपळे आणि तुणीचं लाकूड घडवू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. ठेवायलाच हवं होतं. पण त्या दुकानांत कधी तासभर बसून पाहा. नवीन तंबोरा घडवण्याइतकाच वेळ जुन्याच्या दुरुस्तीत जातो. घोडीवर तार जिथे टेकते, तो भाग कानशीने इतका बारीक घासतात की तार त्यावर झणझणू लागते. त्याला जवारी काढणं म्हणतात. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. कानस तीच जी माझ्या शटरच्या चॅनलवर फिरली. एका ठिकाणी ती लोखंडातला आवाज काढून टाकते, दुसऱ्या ठिकाणी तारेत आवाज भरते. दोन्हीकडे काम कानाने ठरतं.

विज्ञान तर म्हणतं की हा फरक वाटतो तितका मोठा नाही. सुकी बिजागरी किंवा दबलेलं चॅनल का किरकिरतं? दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ताण वाढतो, मग एकदम सुटून सरकतात, पुन्हा चिकटतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडलं की त्याचा सूर होतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच होतं. गजाला राळ लावतात ते हे चिकटणं वाढवण्यासाठी, चॅनलला मेण लावतात ते कमी करण्यासाठी. घर्षणाचे नियम फ्रान्सच्या आमोंतोंने 1699 मध्ये मांडले, कुलोंने 1785 मध्ये ते पुढे नेले. पण घसरण्यासाठी ओलावा लागतो, हे माणसाला फार आधी ठाऊक होतं. इजिप्तमध्ये देर अल-बर्शा इथल्या एका थडग्यात जवळपास 3900 वर्षांपूर्वीचं चित्र आहे. त्यात एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून शेकडो लोक ओढत आहेत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा एक माणूस गाडीच्या पुढे पाणी किंवा तेल ओततो आहे. सगळ्यांना पुतळा दिसतो. मला आता तो ओतणारा दिसतो.

गॅरेजच्या दाराचाही स्वतःचा इतिहास आहे, पण तो अगदी अलीकडचा. अमेरिकेत मोटारी आल्या तशा त्या घोडागाडीच्या जुन्या पागांमध्ये उभ्या राहू लागल्या. त्यांची जड, बाहेर उघडणारी दारं बर्फात अडकत. 1921 मध्ये सी. जी. जॉन्सन याने तुकड्यांचं, वर उचललं जाणारं दार काढलं, आणि 1926 मध्ये ते उचलणारी विजेची मोटर. तिथेही सगळी गंमत स्प्रिंगची. दाराचं वजन स्प्रिंगने तोलायचं, मोटरने फक्त इशारा द्यायचा. तिथेही दार अर्ध्यावर सोडून पाहणं हीच पहिली परीक्षा. मोटरची ताकद आंधळी असते, म्हणून त्या दारांखाली लहान मुलं सापडून जीव गेले. त्यानंतर अमेरिकेत 1993 पासून असा नियम झाला की वाटेत काही आडवं आलं तर दार आपोआप परत फिरलं पाहिजे. जो दुकानदार मला मोटर विकत होता, त्याने स्प्रिंग तपासली नव्हती. ढिल्या स्प्रिंगवर मोटर बसली असती तर आवाज कमी झाला असता, दोष तसाच राहिला असता, आणि एक दिवस मोटर जळाली असती.

भाषेचा मास्तर आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका दारात किती देश उभे असतात! दरवाजा फारसी. कुलूप म्हणजे अरबी 'कुफ्ल', आपल्या तोंडात अक्षरं उलटसुलट झालेला. चावी, बिजागरी, आणि ती बसवणारा मिस्त्री, तिघेही पोर्तुगीजांकडून आले. शटर इंग्रजी. उंबरठा आणि चौकट आपल्या घरच्या. ते बिघडलं की जी करायची ती दुरुस्ती पुन्हा फारसी, आणि उर्दूतली मरम्मत अरबी. पण सगळ्यात सुंदर गोष्ट 'गॅरेज'ची आहे. फ्रेंच आणि इंग्रजीत गॅरेज म्हणजे आधी गाडी ठेवायची जागा. मराठी माणूस मात्र "गाडी गॅरेजला टाकलीय" म्हणतो, तेव्हा ती दुरुस्तीला गेलेली असते. आपल्या भाषेने ठेवण्याच्या जागेपेक्षा दुरुस्तीच्या जागेला तो शब्द जास्त दिला. भाषेला जे कळलं ते मला वर्गात कळलं नव्हतं.

मी इथे गरिबीचं कौतुक करत नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिलं की मुसलमान इतरांपेक्षा स्वयंरोजगारावर जास्त अवलंबून आहेत, आणि त्यामागे हौस कमी, बंद दारं जास्त आहेत. मिस्त्रींच्या मुलाने बापाचाच पाना उचलावा, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याच्या बापालाही ते नको आहे. पैसे घेताना ते म्हणाले, "सर, इसको पढाओ." पण शिकवताना मी त्याला बापाची लाज शिकवत असेन, तर ते शिक्षण नाही. अबुल फज्लच्या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. सुतारकाम सोडून तो विद्वान झाला नाही. सुतारकाम चांगलं यावं म्हणून तो विद्येकडे गेला. आणि त्या काळाच्या विद्वानांनी त्याला बसायला जागा दिली. आपण हात आणि पुस्तक यांच्यात जी भिंत बांधली आहे, ती इस्लामने बांधलेली नाही. कुरआनात सूरह सबामध्ये लोखंड मऊ करून दिल्याचा उल्लेख आहे तो हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी. ते नबी होते, बादशहा होते, आणि चिलखताच्या कड्या मोजून घडवत होते. हजरत झकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असं हदीसमध्ये येतं.

ईदनंतर शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात अबुल फज्लची गोष्ट सांगितली. फळ्यावर शटर काढलं, खडूच्या दोन रेघांची युक्ती सांगितली, आणि ती मला कुणी शिकवली तेही सांगितलं, नाव घेऊन. आधीच्या त्या वाक्याबद्दल माफीही मागितली. वर्ग जरा गोंधळला. मास्तरांनी माफी मागणं हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

तिसऱ्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. मला वाटलं, काहीतरी भावुक बोलेल. त्याने विचारलं, "सर, त्या सुताराला पगार किती होता?"

मी म्हणालो, आकडा माहीत नाही, पण दोन पगार होते. एक दवाखान्याचा, एक घड्याळांचा.

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

मिस्त्रींनी जाताना सांगितलं होतं, सहा महिन्यांनी चॅनल कोरड्या फडक्याने पुसा, मेण घासा, बोल्ट पाहा, आणि शटर छातीपर्यंत आणून सोडून पाहा. थांबलं तर ठीक, नाही तर मला फोन करा. शटरच्या आतल्या बाजूला मी खडूने तारीख लिहून ठेवली आहे. काकूंची तब्येत आता बरी आहे. काका परवा म्हणाले, "सर, हल्ली तुम्ही पहाटे जात नाही वाटतं?"

मी म्हटलं, जातो की, रोज जातो.